आठही दिवे पेटले होते

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, वाचकाला हसू आलं पाहिजे." गमतींना माझ्याकडे तोटा नाही. शहापूरच्या एसटी स्टँडामागे सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. कसाऱ्याचे एक रेल्वेतले गृहस्थ पावसाळाभर कॉम्प्युटरला गोधडी पांघरायचे आणि वर "हा गरम का होतो" म्हणून माझ्याशी भांडायचे. किन्हवलीच्या एका बाईंच्या कॉम्प्युटरच्या डब्यात उंदरीण व्याली होती. पिल्लं मोठी होईपर्यंत बाईंनी मला डबा उघडू दिला नाही. तीन आठवडे थांबलो. असे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगत आलो आहे आणि लोक हसत आले आहेत.

पण लिहायला बसलो की दरवेळी एकच माणूस आठवतो आणि बाकीचं सुचेनासं होतं. तेव्हा त्याचंच लिहितो. हसू येणार नाही, त्याबद्दल संपादकांनी माफ करावं.

आधी थोडं धंद्याबद्दल. माझं नाव झालं होतं ते जुने कॉम्प्युटर पळते करण्यात. आमच्याकडे नवा डबा कोण घेतो? मुंबईतल्या ऑफिसातून निघालेला, कुणा भाच्याने वापरून टाकलेला, असाच कॉम्प्युटर घरात यायचा. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माणूस आंघोळ करून यावा. अशा कॉम्प्युटरच्या पोटात पडद्यामागे पाच-पन्नास कामं आपोआप चालू असतात. त्यांना आम्ही सर्व्हिसेस म्हणतो. एक छपाईकडे बघते, एक आवाजाकडे, एक घड्याळाकडे. दिसत कुणी नाही, पण प्रत्येक जण थोडं थोडं खात असतो. यातल्या नको त्या बंद केल्या की जुना डबा बरा चालतो.

माझ्याकडे अशा एकोणीस सर्व्हिसेसची यादी होती. कल्याणच्या एका दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घेतलेली, लॅमिनेशन केलेली. आलेल्या प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरवर ती यादी वरपासून खालपर्यंत चालवायची, ही माझी रीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "सर, हलका झाला हो." मलाही बरं वाटायचं. यादीतलं प्रत्येक नाव काय करतं हे मला ठाऊक होतं असं मात्र नाही. लोक सर म्हणू लागले की ठाऊक नसलेलं विचारायची लाज वाटते.

धसईच्या गोटीरामबाबांचा कॉम्प्युटर मी असाच हलका केला होता. बाबा जुने शेतकरी, बाजारात भाताचा आणि भाजीचा व्यापार, गावात शब्दाला वजन. कॉम्प्युटर वापरायची त्यांची सून मनीषा. गावातल्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म, बायकांचे बचतगटाचे कागद ती घरी बसून करून द्यायची. तेव्हा तिच्याकडे नेटसाठी मोबाइलच्या कार्डाचा डोंगल होता. रडतखडत चालायचा, पण चालायचा.

मग दहाएक वर्षांपूर्वी मुरबाडच्या एका केबलवाल्या शेठने धसईत वायरीचं नेट आणलं. खांबावरून वायर यायची ती थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. अख्ख्या आळीची लाइन गोटीरामबाबांच्या गच्चीवरून गेली होती, वाटपाचा डबाही त्यांच्याच कठड्याला होता. म्हणजे बाबा नाराज झाले की आळी बंद. शेठ त्यांना जपून असायचा.

ही लाइन ओढणारा माणूस म्हणजे वाळकू. धसईच्या शिवेवर कातकऱ्यांची वाडी आहे, तिथला. जमीन नाही. दिवाळी झाली की बायकापोरांसह वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. शेठकडे वायरमन म्हणून लागल्यापासून मात्र तो दोन वर्षं भट्टीवर गेला नव्हता. त्याची मुलगी रंजना त्यामुळे सलग शाळेत जात होती, चौथीत आली होती. हे मला ठाऊक होतं. खांबाखाली बिडी ओढताना त्यानेच सांगितलं होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो होतो असं मला म्हणता येत नाही.

वाळकूचं काम नेटकं होतं. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत येऊन झोळाच्या तळाशी गळून पडतं, जोडात शिरत नाही. झोळ सगळेच देतात, पण याचा प्रत्येक झोळ वीतभर, एकसारखा. त्याच्याकडे वायर तपासायचा एक छोटा डबा होता, टेस्टर. वायरीची दोन टोकं त्यात अडकवली की एकामागून एक आठ दिवे पेटतात. आठही पेटले तर वायर ठीक. तो टेस्टर त्याने स्वतःच्या पैशाने घेतला होता. पिशवीत गुंडाळून, वरून सुतळी बांधून ठेवायचा.

गोटीरामबाबांकडे वायर आली आणि नेट येईना. शेजारच्या घरात येत होतं, इथे नाही. मनीषाने मला फोन केला. मी मोटारसायकलवर सरळगावमार्गे धसईला पोचलो. पडद्यावर खाली कोपऱ्यात नुसतं "पत्ता मिळवत आहे" असं फिरत होतं. आत जाऊन पाहिलं तर पत्त्याच्या जागी चार शून्यं.

हा पत्ता म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडच्या म्हसा गावच्या जत्रेत दुकान लावायचं तर आधी जाऊन जागा मागावी लागते. जागा ठरली की मग माल मांडायचा. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. वायर लागली की त्याने पलीकडे विचारायचं, मी कुठे बसू? पलीकडून नंबर येतो, मग नेट सुरू. चार शून्यं म्हणजे नंबर आलेला नाही. आता तो पलीकडून दिला गेला नाही, की इकडून मागितलाच गेला नाही, हे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. वायर लागते ते कार्ड तपासलं, ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नव्याने टाकला आणि हात झटकून म्हणालो, "माझं सगळं ठीक आहे. वायरीत दोष आहे."

ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो दोष लाइनचा, लाइनवाला म्हणतो कॉम्प्युटरचा, आणि गिऱ्हाईक ज्याचे कपडे बरे त्याचं ऐकतं.

वाळकू आला. टेस्टर लावला. आठही दिवे पेटले.

"सायेब, वायर चांगली हाय," तो म्हणाला.

"दिवे पेटले म्हणजे नेट येतं का?" मी म्हणालो. मनीषा हसली. मला ते आवडलं.

त्याने दोन्ही टोकं कापून नवे जोड केले. नेट नाही. दुसऱ्या दिवशी खांबापासून पूर्ण वायर बदलली, उन्हात चार तास. मी परत गेलो, परत चार शून्यं. टेस्टरचे दिवे परत आठ. गोटीरामबाबा झोपाळ्यावर बसून बघत होते. मनीषाच्या फॉर्मांची तारीख जवळ आली होती, दारात दोन पोरांचे बाप येऊन गेले होते.

वाळकू माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सायेब, येक बोलू का? बाजूच्या घरात नेट येतंय. त्यांचा डबा उचलून हितं आणतो, हीच वायर लावू. आला तं वायर बरी, नाय आला तं माजी चूक."

आज हे वाक्य लिहिताना माझे कान गरम होतात. कारण ही परीक्षा अचूक होती. दहा मिनिटांचं काम, आणि दूध का दूध झालं असतं. ती अचूक आहे हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. आणि ती कॉम्प्युटरचं शिक्षण न घेतलेल्या माणसाला सुचली, मला सुचली नाही, हेही कळलं होतं. बाबा बघत होते, सून बघत होती.

मी म्हणालो, "लोकांचा डबा उचलून आणणार, पडला तर कोण भरणार? आणि आता तू मला शिकवणार का?"

तो "नाय सायेब" म्हणाला आणि बाजूला झाला. वयाने तो माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. मी त्याला कायम अरेतुरेच केलं.

त्याच दुपारी केबलवाल्या शेठचा मला फोन आला. "सर, तुम्ही जाणते आहात, खरं सांगा. बाबा गच्चीवरचा डबा काढून फेकतो म्हणतात. दोष कुणाचा आहे?"

मी म्हणालो, "जोड नीट होत नाहीयेत. माणूस बदलून बघा."

सात शब्द. शनिवारी वाळकूचं काम गेलं.

मंगळवारी शहापुरातच एका निवृत्त शिक्षकांकडे मला बोलावणं आलं. जुना कॉम्प्युटर, पूर्वी माझ्याच हाताखालून गेलेला. त्यांनीही डोंगल सोडून वायरीचं नेट घेतलं होतं, आणि नेट येत नव्हतं. तीच चार शून्यं. इथली वायर वाळकूने ओढलेली नव्हती. शिक्षकांच्या मुलाने आपला लॅपटॉप त्याच वायरीला लावला, तर झटक्यात नेट आलं. म्हणजे वाळकू म्हणत होता तीच परीक्षा, माझ्यासमोर, कुणीही न भांडता झाली.

मी सर्व्हिसेसची खिडकी उघडली. तोवर ती उघडलीच नव्हती, कारण तिथे माझा हात फिरलेला होता, आणि माझा हात फिरलेल्या जागी दोष असेल हे मनात आलं नव्हतं. नावं वाचत खाली गेलो. पत्ता मागणारी सर्व्हिस बंद. नुसती थांबलेली नाही, पुन्हा उठू नये अशी बंद केलेली. खिशातून यादी काढली. सातव्या क्रमांकावर तिचं नाव होतं.

डोंगल स्वतःचा पत्ता स्वतः आणतो, त्याला या सर्व्हिसची गरज पडत नाही. म्हणून इतकी वर्षं माझं पाप झाकलेलं राहिलं. वायर आल्याबरोबर उघडं पडलं. जत्रेत जागा मागायला जाणारा माणूस मीच घरात कोंडून ठेवला होता आणि दोष रस्ता बांधणाऱ्याला दिला होता.

बुधवारी सकाळी धसईला गेलो. तुम्हाला खरं सांगतो, सरळगावपर्यंत माझ्या मनात होतं की सगळं सांगून टाकायचं. वाळकूचं काम जाऊन चारच दिवस झाले होते, शेठने त्याला परत घेतलं असतं. बाबांच्या दारात पोचलो तर मनीषा म्हणाली, "सर, नवीन वायरमन आला व्हता काल. पुन्हा सगळी वायर नवी टाकली. पण कालपासनं लाइट नाय, म्हणून बघितलंच नाय अजून. आत्ता आली लाइट."

ती चहा टाकायला आत गेली. मी खुर्चीवर बसलो, सर्व्हिसेसची खिडकी उघडली, सातव्या क्रमांकाच्या सर्व्हिसपुढचं 'बंद' काढून 'आपोआप' केलं, ती सुरू केली. एक मिनिट लागलं असेल. कोपऱ्यातलं फिरणं थांबलं. नेट आलं.

मनीषा कपबशी घेऊन आली आणि पडदा बघून हरखली. आत ओरडून म्हणाली, "बाबा, आला नेट." मग मला म्हणाली, "नव्या माणसाचा हात चांगला हाय हो. तो वाळकू नुसत्या वायरी तोडत बसायचा."

बोलायची वेळ हीच होती. कप हातात होता. गोटीरामबाबा येऊन उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर पयल्या दिशीच बोल्ले व्हते ना, वायरच खराब हाय म्हणून. जाणता माणूस तो जाणता."

मी चहा प्यायलो.

दुकानात परतल्यावर यादी फाडून टाकली. लॅमिनेशन हाताने फाटेना, कात्रीने कापली. त्या एकोणीस सर्व्हिसेस काय करतात ते पुढच्या महिन्याभरात एकेक वाचून काढलं, पुस्तकं आणून. दहा-बारा जुन्या गिऱ्हाइकांकडे आपण होऊन गेलो, तपासणी म्हणून, आणि गुपचूप सातव्या क्रमांकाची दुरुस्ती करून आलो. मशिनींशी मी प्रामाणिक झालो. माणसाशी होणं काही जमलं नाही.

दिवाळीनंतर सरळगावच्या नाक्यावर एक ट्रक उभा होता. वर भांडी, गोणपाटं, कोंबड्यांची खुराडी, पोरं. मागच्या फळीला टेकून वाळकू बसला होता. शेजारी रंजना, मांडीवर धाकटा भाऊ. त्याने मला पाहिलं आणि नेहमीसारखा हात वर केला. मीही केला. ट्रक भिवंडीच्या बाजूने गेला.

त्यानंतर वर्षं गेली. नेट सगळ्यांच्या हातात आलं, जुने डबे भंगारात गेले, माझ्या दुकानात आता झेरॉक्स आणि वह्या आहेत. धसईला जायचं मी टाळत राहिलो. कारणं पुष्कळ सापडतात.

गेल्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. घोंगडी घ्यायची होती. दुपारची वेळ, दुकानदार मांडामांड करत होते. एका दुकानाच्या वर दिव्यांची वायर गेलेली दिसली आणि मी थांबलो. वायर खांबावरून छपरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला होता. वीतभर, एकसारखा. पुढच्या दुकानालाही तसाच. त्याच्या पुढच्यालाही. थंडीच्या जत्रेत पावसाची काळजी कोण घेतो? मी झोळ बघत बघत गेलो आणि सातव्या-आठव्या दुकानापाशी शिडीवर तो सापडला. केस पांढरे झाले होते.

"वाळकूदादा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

तो खाली उतरला. "सायेब? किती वाळलाव तुमी."

मी त्याला तिथेच सांगितलं, शिडीला धरून उभा राहून. यादी, सातवा क्रमांक, एक मिनिटाचं काम, चहा, सगळं. तो हातातली चिकटपट्टी गुंडाळत ऐकत होता.

"मना ठाव व्हता," तो म्हणाला. "दिवे पेटले व्हते ना आठी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत शेठजवळ?"

"बोललो व्हतो. तुमाला बोललो, शेठला बोललो. आयकला नाय कोणी."

मी म्हटलं, मी काय करू ते सांगा, जमेल ते करतो. त्याने चिकटपट्टी खिशात टाकली. मग म्हणाला, "शेठला जाऊन सांगा. वाळकूचा जोड बरा व्हता, येवडाच. अजून कोणाकडं कामाला गेलो ना, तं धसईचं कोणीतरी बोलतं, ह्यानं बाबाची लाइन खराब केलती. म्हणून जत्रेची कामं करतो. हितं कोणी वळखत नाय."

दुसऱ्याच दिवशी मुरबाडला गेलो. शेठचं ऑफिस आता काचेचं झालंय. त्याने ओळखलं, थंड मागवलं. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. पाठ करूनच गेलो होतो. तो नीट ऐकत होता. माझं संपल्यावर कपाळाला आठी घालून म्हणाला, "वाळकू कोण हो?"

मी वाडी सांगितली, टेस्टर सांगितला, गोटीरामबाबांची गच्ची सांगितली. तो म्हणाला, "असेल, असेल. तेव्हा किती पोरं येत-जात होती." मग घरचा एक जुना कॉम्प्युटर फार हळू चालतो, तुम्ही पूर्वी काहीतरी करून पळता करायचात, तेवढं करून द्याल का, असं विचारलं. मी नाही म्हणालो आणि उठलो.

तिथून वाडीवर गेलो. वाळकू दारात बसला होता. त्याची बायको आणि रंजना भात पाखडत होत्या. रंजना आता लेकुरवाळी आहे, माहेरी आली होती.

"सांगितलात?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"काय बोल्ला शेठ?"

तिघंही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "फार वाईट वाटलं म्हणाले. वाळकूचा हात चांगला होता, आमचीच चूक झाली, असं म्हणाले."

वाळकू हसला. बायकोकडे वळून म्हणाला, "आयकलास गो? तुला बोल्लो व्हतो ना मी." ती सूप खाली ठेवून आत गेली आणि माझ्यासाठी गूळ नि पाणी घेऊन आली. त्या घरचं पाणी पिताना धसईच्या चहाची आठवण झाली. दोन्हीकडे मी खोटं बोलून प्यायलो होतो.

रंजनाची शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण ती मराठी वाचते. वाळकूने अभिमानाने सांगितलं, दुकानातून पुडी बांधून आलेला कागदसुद्धा ती सोडत नाही. तेव्हा हा अंक निघाला आणि ती माहेरी आली, की एक प्रत घेऊन मी वाडीवर जाणार आहे आणि ती तिच्या हातात देणार आहे. शेठ काय म्हणाला ते वर लिहिलंय तसंच्या तसं. ते तिने बापाला वाचून दाखवावं, मी समोर बसलेला असताना.